पाहून लेहलं का आयकून?

माझ्या मामेसासऱ्यांइतका टक लावून बघणारा माणूस वऱ्हाडात दुसरा झाला नाही, आणि पाहुण्यांच्या सोयीसाठी पुढेही होऊ नये. धामणगाव रेल्वेच्या एका जिनिंगमध्ये ते कापसाची प्रत ठरवायचे. निवृत्तीनंतर कापूस सुटला, नजर सुटली नाही. ती माणसांवर आली आणि मी कथा लिहितो हे कळल्यापासून माझ्या वहीवर. 'कापसाचे शुभ्र ढीग' हे शब्द वाचून त्यांनी विचारलं, "जवाईबुवा, हे पाहून लेहलं का आयकून?" त्यांनी भर उन्हात मला जिनिंगच्या आवारात नेऊन ढिगांपुढे उभं केलं. एक सायीसारखा, एक पावसानं पिवळट, एक मातकट, एकात वाळल्या पानांचा चुरा. "सांगा, यातलं शुभ्र कोन्तं?" त्या रात्री मी एकच वाक्य सात वेळा लिहिलं.

अकोल्याच्या एका लग्नात तर समोर जेवायला बसलेल्या विहीणबाईंकडे ते इतका वेळ बघत राहिले, की बाई तडकल्या, "काय पाहून राह्यले हो?" मामाजी निरागसपणे म्हणाले, "तुमी हसाच्या आंधी नवऱ्याकडं पाहता. थो हसला का मंग हसता." विहीणबाईंचा घास हातातच राहिला, मामींनी कपाळाला हात लावला, आणि मी टेबलाखाली ते टिपून घेतलं.

पुढे मामींना विसर पडू लागला. मागच्या दिवाळीत अमरावतीच्या डॉक्टरांना दाखवून परतताना, बडनेरा स्टेशनच्या गर्दीत त्या मामाजींचा हात सोडून कुठेतरी गेल्या. पोलिसानं वर्णन विचारलं. मी, लेखक, म्हणालो, "गोऱ्या, मध्यम उंची, हिरवी साडी."

"अशा पन्नास बाया हायेत इथं!"

मामाजी पुढे झाले. "चालताना उजवा पाय जरासा आत टाकते. पदराचं टोक डाव्या मुठीत. गाडीचा भोंगा वाजला का दोनी कानांवर हात ठेवते."

पोलीस शोधायला पुलावर चढला, तेवढ्यात पलीकडच्या फलाटावर गाडी भोंगा वाजवत आली, आणि तो पुलावरूनच ओरडला, "त्या का, बाकड्यापाशी?"

गाडीत मी विचारलं, "मामाजी, एवढं कसं ध्यानात राहतं?"

"बेचाळीस वर्षं झाले पाहून राह्यलो," ते हळूच म्हणाले.

समोर मामी शेंगा सोलत होत्या. मूठभर दाणे त्यांनी मामाजींपुढे धरले आणि अनोळखी प्रवाशाला म्हणावं तशा म्हणाल्या, "घ्या नं, भाऊ."

मामाजींनी दोन्ही हातांची ओंजळ केली. त्या वेळचा त्यांचा चेहरा मी अगदी जवळून पाहिला आहे. तो मला अजून लिहिता आलेला नाही.