बेटावरचं पान

आता शेजारचे काका गणपतीला फक्त दूर्वा आणतात. त्या वर्षी मात्र ते एक डहाळी घेऊन आले होते. इथे अमेरिकेत, नोव्हायमध्ये एकवीस पत्री जमवणं म्हणजे निम्मी थट्टाच. तुळस, कढीपत्ता झाला की मागच्या अंगणातल्या मेपलवर वेळ येते. त्यामुळे मला डहाळीचं भलतंच कौतुक वाटलं. काका रिटायर्ड डॉक्टर, आणि बेसमेंटमध्ये दिवे लावून दूरदूरची झाडं वाढवणं हा त्यांचा नाद. या झुडपाची अख्खी प्रजाती, झुडपं काय नि मोठी झाडं काय, मादागास्कर बेटाखेरीज कुठेच आपसूक उगवत नाही, हे त्यांनी चपला काढता काढताच सांगितलं. कुंडीत पहिल्यांदा फुललं होतं, म्हणून पहिला मान गणपतीचा.

आरती झाली. मी मोदक उतरवायला आत गेले. परत आले तर माझी चार वर्षांची मुलगी देवापुढे बसून काहीतरी चघळत होती. हातात त्याच डहाळीचं अर्धं पान.

"इट्स यकी, आई," म्हणून तिने जीभ दाखवली. जिभेवर पांढरा चीक होता.

मी तिच्या हातातलं पान हिसकावून घेतलं. पत्रीत विषारी पानं असतातच, धोतरा काय, रुई काय. पण ती आपल्या ओळखीची. लहानपणी पत्री खुडून आलो की आई आधी हात धुवायला लावायची. या पानाबद्दल मला कुणी काहीच सांगितलेलं नव्हतं.

नवरा कामासाठी बाहेरगावी होता. मुलीचं तोंड धुऊन मी पॉयझन हेल्पलाइनला फोन लावला. काका लॅटिन नाव सांगत होते आणि मी ते एकेक अक्षर करून फोनवर सांगत होते. पलीकडची बाई बराच वेळ शोधत राहिली. शेवटी म्हणाली, या झाडाची तिच्याकडे काहीच माहिती नाही. लक्ष ठेवा, उलटी झाली किंवा गुंगी आली तर लगेच हॉस्पिटल गाठा. विषारी आहे म्हणाली असती तर मी गाडी काढली असती, नाही म्हणाली असती तर रडून मोकळी झाले असते.

काका सोफ्यावर मुलीचं मनगट धरून बसले, चेहरा पांढराफटक. तिने जांभई दिली की मी तिला हाक मारायची. मी इतक्या हाका मारल्या की ती वैतागली.

ऊन उतरलं तेव्हा तिने स्वतःहून मोदक मागितला, आणि खाऊन घरभर पळायला लागली. मी भिंतीला टेकून रडले. मग पत्री आवरायला घेतली. त्या डहाळीवर एकही पान उरलं नव्हतं.

"काका, हिने एवढी खाल्ली?"

"तिने नाही," ते म्हणाले. "तू फोनवर होतीस तेव्हा मी खाल्ली. काही व्हायचंच असेल तर मला आधी होईल, म्हटलं. तिच्यासाठी वेळ मिळेल."

त्यांच्या कपाळावर घाम होता. उठायला गेले आणि पुन्हा खाली बसले.

मी त्यांना धरून गाडीत बसवलं. मुलगी मागच्या सीटवरून सारखी "आजोबा, आजोबा" करत होती. काका हं म्हणायचे, आणि मग मी श्वास सोडायची.