दुखलं की चालायचं

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मेथी निवडणं. इंदिरानगरच्या घराच्या ओट्यावर, रविवारी, दुपारच्या चहाआधी. मी देठं राहू देतो म्हणून माझा ढीग बायको पुन्हा निवडायची. त्या दिवशी निवडला नाही. डावा हात मांडीवर टाकून बसली.

"अहो, हात भरून आलाय. खांद्यापासून खाली."

"कधीपासून?"

"सकाळपासून जरा जरा. आता लय."

मी हात धरून दाबून पाहिला. आता हा माझा उद्योग आधी सांगितला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

मी फुटबॉल खेळायचो. निफाडकडचा, नववी नापास. मुंबईच्या एका कंपनीनं टीमसाठी घेतला, पगारावर. स्टॉपर होतो. स्टॉपर म्हणजे गोलकीपरच्या पुढं उभा राहून अडवणारा. गोल करणाऱ्याचा फोटो छापून येतो, अडवणाऱ्याचा नाही. लग्न झाल्यावर बायकोला हे समजावून सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे लोकांचं काम होऊ द्यायचं नाही आणि त्याचा पगार घ्यायचा? तलाठ्यासारखं?"

मार खूप खाल्ला. नाक दोनदा मोडलं. एकदा बरगडी मोडली, तीच घेऊन पुरी मॅच खेळलो. बाहेर आल्यावर कोचनं शाबासकी दिली, नेमकी त्याच बरगडीवर. शिकवणच तशी होती. दुखलं की चालायचं, बसला की अंग आखडतं. टीमच्या मालिशवाल्याकडून नस, गाठ, मुरगळ ओळखायला शिकलो. खेळ सुटल्यावर अंबडला कारखान्यात लागलो. तिथं काय नि कॉलनीत काय, कुणाची मान धरली की माणूस माझ्याकडं. दाबलं की मला कळतं, असं छातीठोक सांगायचो. बायको म्हणायची, "आले आमचे डॉक्टर, नववी नापास." पण स्वतःचं दुखलं की हात माझ्याच पुढं करायची.

तसाच तेव्हा केला. मी दंड दाबला, खांदा दाबला. दुखणं बोटाखाली सापडेना. नसेचं असतं तर सापडलं असतं. हे मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. कळलंही असेल. पण तोंडातून निघालं, "नस आखडलीय." तेल लावून चोळला. ऐन थंडीत तिला घाम येत होता.

"ऊठ," म्हणालो. "कोपऱ्यापर्यंत दोन चकरा मार. उतरेल."

"दम लागतोय हो."

"बसू नको. बसलीस की आखडेल."

ती चपला घालून निघाली. मी बरोबर. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला म्हणाला, "काय आजोबा, आजीला प्रॅक्टिसला काढलं का?" ती हसली. मला म्हणाली, "तुमच्या टीममध्ये मी असते ना, तर पहिल्याच दिवशी पळून गेले असते." दुसरी चक्कर पुरी झाली नाही. आमच्याच फाटकाला धरून खाली बसली.

रिक्षात घालून दवाखान्यात नेली. डॉक्टरनं घाईघाईनं विचारलं, "दुखायला कधी लागलं?" मी म्हणालो, "आत्ताच. अर्धा तास झाला असेल."

का बोललो? सवय. मैदानावर आमच्या धक्क्यानं कुणी पडला की शिट्टी वाजायच्या आत आम्ही दोन्ही हात वर करायचो. म्हणजे, मी काही केलं नाही. एकदा माझ्या पायानं एका पोराची नडगी मोडली, तेव्हाही हात वरच. रेफ्रीनं फाऊलही दिला नाही. हा किस्सा बायकोला हसत हसत सांगितला होता. ती हसली नाही. "भेटायला गेला होतात त्याला?" एवढंच विचारलं. गेलो नव्हतो.

दिवेलागणीच्या आत ती गेली.

तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. हे लिहितानाही तीनदा उठून रस्त्यावर जाऊन आलो.

तिला घरी आणलं. जो येईल त्याला मी तेच सांगितलं, अर्ध्या तासात आटोपलं. मेहुणा माझ्याकडून ऐकायचा आणि पुढच्याला सांगायचा, "काही त्रास नाही बघा, पुण्यवान बाई." त्याचं तोंड दाबावंसं वाटत होतं. खोटं माझं होतं, तो बिचारा ते नुसतं पुढं देत होता.

आमची एकुलती मुलगी नागपूरला असते. ती यायची म्हणून सगळे थांबले होते. सकाळी सातला आली. आईजवळ बसली, कपाळावरून हात फिरवला. मग विचारलं, "अप्पा, काही म्हणाली होती का?"

मेहुणाच बोलला. "अगं, तिला कळलंसुद्धा नाही. अर्ध्या तासात..."

"खोटं आहे," मी म्हणालो. "सकाळपासून हात दुखत होता. मी चोळला. घाम येत होता तरी रस्त्यावर चालवली. डॉक्टरलाही खोटं सांगितलं."

"दाजी, हे आत्ता कशाला?" मेहुणा म्हणाला.

मुलगी माझ्याकडं बघत राहिली. "मला फोन का नाही केलात?"

"मला वाटलं, मला कळतं."

तिनं आईच्या अंगावरची चादर सारखी केली. मग म्हणाली, "डॉक्टरला खरं सांगितलंत का नंतर?"

"नाही."

"जा. सांगून या. तोवर आईला उचलायचं नाही."

बायकांमध्ये कुजबुज झाली. मेहुणा मध्ये पडायला लागला. मी त्याला बाजूला सारून निघालो. दवाखान्यात तोच डॉक्टर होता, कालपासूनची ड्यूटी संपवून निघालेला. त्याला सगळं सांगितलं. म्हणालो, "तुमच्या कागदावर दुरुस्त करा." तो म्हणाला, "आजोबा, आता त्यानं काय होणार?" मी म्हणालो, "लिहा तुम्ही." त्यानं पिशवी खाली ठेवली आणि लिहिलं.

मग विचारलं, "हात दुखतोय म्हणाली तेव्हाच आणली असती तर?"

त्यानं पेन खिशाला लावलं. "काही करता आलं असतं. वाचल्या असत्या की नाही, ते नाही सांगता येत."

मी मान हलवली आणि घरी निघालो. सगळे माझ्यासाठी खोळंबले होते.