पाचोळ्याच्या रंगाचं कापड

आमच्या खेळाचे कपडे मी निवडले होते, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे जे झालं त्याचं खापर फोडायला दुसरं डोकं शोधायला नको.

बुलढाण्याबाहेर एक बंद पडलेली दगडाची खाण आहे. मालकाला विचारून आम्ही सात-आठ जण रविवारी सकाळी तिथे एअरसॉफ्ट खेळायचो. दिसायला खऱ्या पण प्लॅस्टिकचे बारीक छर्रे मारणाऱ्या बंदुका, डोळ्यांवर जाड चष्मे, दोन टोळ्या. छर्रा लागला की प्रामाणिकपणे हात वर करायचा आणि बाहेर जाऊन बसायचं. वाढलेल्या घोड्यांनी हे काय लावलंय, असं माझी आई विचारायची. मी एका कॉलेजात तासांवर शिकवत होतो, पुढच्या वर्षी तास मिळतील की नाही ते माहीत नव्हतं. रविवारी तेवढे दोन तास तरी कुणावर तरी नेम धरता यायचा.

माझ्या खोलीत माझ्यासोबत एक मित्र राहायचा. त्याचं गाव धाड. दोन वर्षं तो सैन्यभरतीसाठी पळत होता, म्हणजे अक्षरशः पळत होता. रोज पहाटे उठून मैदानाला फेऱ्या, मग दंड-बैठका, मग भिजवलेले चणे. धावण्यात तो पास झाला, छातीच्या मापात पास झाला, पेपरात पास झाला. आणि डोळ्यांच्या तपासणीत डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांचं पान पुढे धरलं तेव्हा त्यातला आकडा त्याला दिसलाच नाही. हिरवा आणि तपकिरी त्याला सारखेच दिसायचे. इतकी वर्षं हे त्यालाही माहीत नव्हतं, कारण कापूस पांढरा असतो आणि तूर आली की नाही ते हातानेही कळतं. वयाच्या अटीत बसणारी ती त्याची शेवटची भरती होती.

हे त्याने फक्त मला सांगितलं. घरी सांगितलं, “निकाल यायचा हाये.”

त्याचे वडील रोज फोन करायचे. निकाल लागला का, एवढंच विचारायचे. तो “नाई अजून” म्हणायचा आणि फोन ठेवल्यावर तासभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. त्याला उठवायला म्हणून मी खाणीवर घेऊन गेलो. खेळात त्याला कुणी हरवू शकलं नाही. आम्ही झुडपाआड कितीही दडून बसलो तरी तो नेमका शोधून काढायचा. रंगाने फसायचा नाहीच, त्याला सरळ माणसाचा आकार दिसायचा. ज्या डोळ्यांपायी त्याला परत पाठवलं, ते डोळे आमच्या पोरखेळात असे कामी येत होते. आम्ही हसायचो. तोही हसायचा, पण उशिराने.

सगळ्यांचे कपडे दगडांवर सरपटून फाटायला लागले तेव्हा नीट कपडे घ्यायचं ठरलं. माझे वडील खामगावला शिंपी, त्यामुळे कापडातलं मलाच कळतं असं सगळ्यांनी गृहीत धरलं. थोडंफार कळतंही. मी मित्राला घेऊन खामगावच्या बाजारात गेलो. आधी पाहिल्या आठवडी बाजारात टांगलेल्या असतात तसल्या छापील लष्करी पँटी. स्वस्त, पण चकचकीत, चालताना खसखस वाजणाऱ्या, आणि मांडी घालून बसलं की आसनात उसवणाऱ्या. मग बाहेरून मागवायचे महागडे कपडे मोबाइलवर पाहिले आणि गुपचूप मोबाइल खिशात ठेवला. शेवटी एका जुन्या दुकानात हवं तसं कापड मिळालं. सुती आणि पॉलिस्टरची मिसळ, मध्ये मध्ये जाड दोऱ्याची बारीक चौकट विणलेली, म्हणजे काट्याने एक धागा तुटला तरी फाट पुढे सरकत नाही. ओला रुमाल घासून पाहिला, रंग उतरला नाही. उजेडात धरून पाहिलं, वीण दाट होती. मित्र डोळे मिटून बोटांनी कापड चाचपत होता.

“हे मस्त हाये बे,” तो म्हणाला. “रंग कोणता हाये?”

“पाचोळ्याचा,” मी म्हटलं.

दुकानदाराने आणखी एक थान काढलं होतं, हिरव्या ठिपक्यांचं, हुबेहूब सैन्याच्या वर्दीसारखं. मी नको म्हटलं. तसले कपडे घालून हिंडलं तर पोलिसांचा ताप, आणि वडिलांनी ते शिवलंही नसतं. “ज्याचं हाये त्यानंच घालावं,” असं ते म्हणाले होते. फाल्गुनात आमच्या माळावर हिरवं काही उरतही नाही. थोडक्यात, मी फार शहाण्यासारखी निवड केली. वडिलांनी दुहेरी शिलाई मारली, गुडघ्यांना आणि कोपरांना आतून ठिगळ लावलं, आणि म्हणाले, “हे आता तुमच्या पोरायलेही पुरतील.”

पहिल्यांदा ते कपडे घातले त्या सकाळी मित्र फारच देखणा दिसत होता. पळून पळून कमावलेलं अंग, आणि अंगासरशी बसलेला शर्ट. आदल्या दिवशी त्याने ठरवलं होतं की त्या संध्याकाळी धाडला जाऊन वडिलांना खरं सांगायचं. एकट्याने जमणार नाही म्हणून मीही सोबत जाणार होतो. त्याचं मन जरा हलकं व्हावं म्हणून मी त्याचा एक फोटो काढला आणि माझ्या स्टेटसला टाकला. खाली लिहिलं, “शेवटी वर्दी चढलीच!” आमच्या टोळीत हसण्यापुरतं. धाडची चार पोरं माझ्या फोनमध्ये आहेत, हे तेव्हा ध्यानातच आलं नाही.

आमच्याकडे पोरगं सैन्यात लागलं की गाव बॅनर लावतं, ताशा आणतं, स्टँडपासून घरापर्यंत मिरवणूक काढतं. निकालाची वाट पाहत बसलेल्या गावाला माझा फोटो मिळाला. आणखी काय पाहिजे होतं? दुपारी खाणीवरून परतलो, भाकरी खाल्ली आणि एसटीत बसलो. घामाचे कपडे बदलायचा त्याला कंटाळा आला. वाटेत तो पुटपुटत वाक्यं जुळवत होता. “बा, माह्या डोळ्यायत थोडा फरक निंघाला.” मग परत पहिल्यापासून.

धाडला उतरलो तर समोर माणसापेक्षा मोठा बॅनर. त्यावर मी काढलेला फोटो, मागे कुणीतरी डकवलेली बर्फाची शिखरं, आणि सैन्यात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. ताशा सुरू झाला. त्याचे वडील हार घेऊन उभे होते, नवीन टोपी घातलेली. ते रडत होते आणि त्यांना त्याची लाज वाटत नव्हती.

मित्राने माझ्याकडे पाहिलं. तू बोल, असं ते पाहणं होतं, यात मला आजही शंका नाही. मी बोललो नाही. वडिलांनी हार घातला आणि तो वाकून त्यांच्या पाया पडला, आणि पाया पडून उठला तेव्हा वेळ निघून गेली होती.

गर्दीत गावातले एक निवृत्त फौजी होते. त्यांनी मित्राच्या बाहीचं कापड चिमटीत धरून पाहिलं, त्याच्या पाचोळ्यासारख्या रंगाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “कापड चांगलं हाये,” एवढंच म्हणून ते बाजूला झाले.

आठ दिवसांनी मित्र ‘ट्रेनिंगला’ गेला. खरं म्हणजे पुण्याकडे एका कंपनीच्या गेटवर वॉचमन म्हणून लागला. तिथे त्याला निळा शर्ट होता, शिट्टी होती, टोपी होती. सुट्टीवरचे सैनिक साध्या कपड्यांत घरी येतात, पण त्याच्या वडिलांचा हट्ट असायचा, “वर्दीतच ये, लोकायले दिसू दे.” म्हणून दर दिवाळीला तो सकाळच्या गाडीने बुलढाण्याला उतरायचा, माझ्या खोलीवर येऊन आंघोळ करायचा, आणि मी इस्त्री करून ठेवलेले ते खाणीतले कपडे घालून धाडची एसटी पकडायचा. परतताना पुन्हा माझ्याकडे उतरवून ठेवायचा. दरवेळी “पुढच्या खेपेले सांगतो” म्हणायचा, आणि मी मान हलवायचो. आमचा खेळ केव्हाच बंद पडला होता.

अशा सहा दिवाळ्या गेल्या. यंदा पावसाळा संपता संपता त्याचे वडील गेले. अचानक, जेवता जेवता. तो माझ्या खोलीवर पोहोचला तेव्हा दुपार झाली होती. मी ते कपडे कपाटातून काढून पलंगावर ठेवले होते. म्हटलं, आज तरी नको घालू. तो घालत राहिला. बटणं मीच लावली. स्मशानात धोतर नेसण्यासाठी त्याने ते उतरवले आणि माझ्या हातात दिले, परतताना पुन्हा अंगात चढवले. लोक हळहळत होते, बापाचं नाव काढलं पोरानं म्हणत होते. फौजी काका कोपऱ्यात खाली मान घालून बसले होते.

मला धीर द्यायला आमच्या टोळीतल्या दोघा-तिघांनी सांगून पाहिलंय की त्याच्या वडिलांना आतून माहीत असेल. नव्हतं. मी त्यांना चांगला ओळखत होतो. तो माणूस शेवटपर्यंत खुशीत होता आणि ती खुशी माझ्या एका ओळीची होती. मला त्याची लाज वाटते, आणि वाटत राहील.

तेरावं झाल्यावर तो त्याच कपड्यांत खोलीवर आला. मी म्हटलं, “आता सांगून टाक सगळ्यांना. सुटशील.”

“कोनाले सांगू बे?” तो म्हणाला. “ज्याले सांगाचं होतं तो गेला ना.”

कपडे उतरवून त्याने घडी केली आणि माझ्याकडे सरकवली. “माय म्हणत होती, दिवाळीले वर्दीतच ये. बाची आठवण म्हणून.” मग शर्टाच्या बाहीवरून हात फिरवत त्याने विचारलं, “अजून किती वर्षं टिकतीन रे हे?”

तो गेल्यावर मी ते बादलीत भिजवले. बाहीला चितेचा वास होता, तो दोन पाण्यांत गेला. दोरीवर टाकताना एकेक शिवण ताणून पाहिली. एक टाकासुद्धा उसवलेला नाही.