चौथी तार

गोऱ्यांच्या राज्यात कुंभकोणमला नुकतीच वीज आली होती. आमच्या तीन बिऱ्हाडांच्या घरात ती गावातल्या एका वायरमननं आणली. खांबावरच्या चार तारांपैकी एकेक त्यानं एकेका बिऱ्हाडाला दिली. वीज परत नेणारी चौथी तिघांत मिळून. बाजारात भेटला की नमस्काराआधी विचारायचा, "राव, चौथी बरी आहे ना?" जशी काही घरातली आजारी पोर. मला हसू यायचं.

नवरात्रात शेजाऱ्यांनी इकडच्या रीतीनं मांडलेल्या बाहुल्यांच्या पायऱ्यांवर दिव्यांची माळ लावली. संध्याकाळी ती एकाएकी मंदावली आणि आमचा एकुलता दिवा लख्ख झाला. आई हरखली. तेवढ्यात प्रसादाला वायरमन आला. दिवा पाहून उंबऱ्यातच त्याचा चेहरा उतरला. धावत जाऊन त्यानं मेन स्विच ओढला. घरभर अंधार झाला, बायका ओरडल्या.

"चौथी सैल झाली, राव. त्यांच्या वाट्याचा जोर तुमच्या दिव्यावर आला. अजून थोडा वेळ, आणि आग लागली असती."

त्यानं चौथीचा स्क्रू पिळून स्विच चालू केल्यावर आमचा दिवा पुन्हा नेहमीसारखा मंद झाला. आजही तो जरा जास्त उजळला, की मी उठून शेजाऱ्यांकडे डोकावतो.