कानाला लावलेला स्क्रूड्रायव्हर

मी यंत्रांची कंपनं शिकवायचे. पीएच.डी.चा विषयही तोच होता: फिरत्या मोटरचं बेअरिंग बिघडू लागलंय, हे सेन्सरवरून आधीच ओळखायचं. कल्याणजवळच्या आमच्या कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळायला एक काका होते. मानपाड्याच्या कारखान्यात प्रेस मशीनवर उभं आयुष्य काढलेलं. कारखाना बंद पडला तेव्हा आमच्याकडे आले.

ते लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवायचे, त्याची मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. "मॅडम, आतला छर्रा खराब झालाय." बेअरिंग उघडलं की तसंच निघायचं. मग मी सेन्सर आणि काकांचा कान यांची तुलनाच प्रबंधात घेतली. दोघांचं म्हणणं मी रोज वहीत लिहून ठेवायचे.

शेवटच्या वर्षी दोघांचं जमेना. सेन्सर बिघाड दाखवायचा, काका म्हणायचे, "ठीक आहे." बेअरिंग उघडल्यावर सेन्सर बरोबर निघायचा. मी खूश होते. अनुभवी कानाच्याही आधी सेन्सरला कळतं, असं एक अख्खं प्रकरण लिहून काढलं.

एका दुपारी, सगळ्या मोटरी बंद असताना, मी मागून तीनदा हाक मारली. काकांनी वळून पाहिलं नाही.

डोंबिवलीतल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, कारखान्यातल्या गोंगाटाने कान आधीच अधू झाले होते, त्यात वय; आता बारीक आवाज ऐकू येणं गेलंय, ते परत येणार नाही. जिना उतरताना काका थांबले. "वर्षभर मला काही कळत नव्हतं, मॅडम. तुम्ही वही उघडून बसायचात. मी आपलं काहीतरी सांगायचो."

प्रबंध द्यायला थोडेच दिवस उरले होते. ते प्रकरण काढायला हवं होतं. मी काढलं नाही. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी नेमकं त्याचंच कौतुक केलं. काका दाराशी पाण्याच्या बाटल्या घेऊन उभे होते. माझ्याकडे बघून हसले. त्यांना काय ऐकू आलं होतं, कोण जाणे.

त्याच वर्षी त्यांनी नोकरी सोडली. पुढे मेकॅनिकलला मुलं येईनाशी झाली. प्रयोगशाळेत कॉम्प्युटर लागले आणि मी पहिल्या वर्षाला ड्रॉइंग शिकवू लागले. तेव्हा कुठे विद्यापीठाला पत्र लिहून त्या प्रकरणातली चूक कळवली. पोच आली, बाकी काही नाही.

गेल्या महिन्यात टिटवाळ्याला त्यांच्या घरी जाऊन आले. काका खूप वाळलेत. मी पत्राबद्दल सांगितलं, ते नुसते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग सुनेने त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं, "बाबा, मॅडम म्हणतायत, त्यांनी चूक लिहिलं होतं! तुमच्या कानाबद्दल!"

त्यांनी मान हलवली. कितपत पोचलं ते मला कळलं नाही.

"चहा टाक गं," ते सुनेला म्हणाले, "मॅडम लांबून आल्यात."