सात नंबरची रिकामी ओळ

बुरुल चूक कबूल करायला जराही वेळ लावत नाही, ही माझी काळजी आहे. मुलं खोटं बोलतात म्हणून रडणाऱ्या आया मी शाळेत तीस वर्षं पाहिल्या. माझं उलटं आहे. रस्त्यात पडलेली कुणाची तरी पिशवी उचलावी तशी माझी मुलगी दुसऱ्याची चूक उचलते आणि चालू लागते. अशा माणसाचं जगात कसं व्हायचं, हे मला आज सकाळपासून सुचत नाही.

ती अठ्ठावीस वर्षांची आहे. राजधानीत, बिश्केकला, एका खोलीत राहते आणि लोकांच्या ईमेलची घरं बदलून देते. शेजारणींना मी आधी नुसतं "कॉम्प्युटरचं काम" सांगायची. मग तिनेच मला समजावलं. एखाद्या कार्यालयाची सगळी मेल एका कंपनीच्या यंत्रांवर साठलेली असते. ती कंपनी बंद पडते किंवा नकोशी होते. मग प्रत्येकाचं खातं, त्यातलं प्रत्येक जुनं पत्र नव्या कंपनीकडे न्यायचं, पत्ता तोच ठेवायचा आणि वाटेत एकही पत्र सांडू द्यायचं नाही. "नीट झालं तर कुणाला काही कळतच नाही," ती म्हणाली. मी विचारलं, मग तुझं कौतुक कोण करणार.

या वसंतात तिला आमच्याच खोऱ्यातल्या कालव्याच्या पाणीवापर संस्थेचं काम मिळालं. संस्थेची चौदा वर्षांची मेल ज्या कंपनीकडे होती ती बंद होत होती, आणि मंगळवारी संध्याकाळी सहाला तिची यंत्रं पुसली जाणार होती. अडचण अशी, की सगळी खाती एकत्र दाखवणारा मुख्य पासवर्ड फक्त जुन्या अध्यक्षांना, अब्दिलासला, माहीत होता. आणि अब्दिलास दोन वर्षांपूर्वी गेला. कंपनीत फोन उचलायला कुणी उरलं नव्हतं. म्हणून बुरुलने संस्थेकडून खात्यांची यादी मागितली आणि एकेकाच्या पासवर्डाने एकेक खातं हलवायला घेतलं.

यादी केली उमसुनाईने. ती संस्थेची कारकून, अब्दिलासची सून आणि माझी जुनी विद्यार्थिनी. अक्षर मोत्यासारखं. एक ते एकोणीस आकडे तिने सरळ रेषेत लिहिले. फक्त सातसमोर काही लिहिलं नाही. बुरुलला वाटलं, ते खातं बंद झालं असेल.

दोन आठवडे ती तिकडूनच पत्रं हलवत होती. शुक्रवारी तिने संस्थेचा पत्ता नव्या कंपनीकडे वळवला आणि रविवारी खिंड ओलांडून घरी आली. मी म्हटलं, अगं, एवढं झालंय तर उरलेलं फोनवर कर की.

"अपा, पत्रं पोहोचली हे मला आकड्यांवरून कळतं," ती आईला समजावल्यासारखं म्हणाली. "ती ज्याची त्याला मिळाली का, हे तोंडं बघितल्याशिवाय कळत नाही."

ही तिची पद्धत. काम संपलं की ती प्रत्येकाला समोर बसवून एक जुनं, हवंहवंसं पत्र शोधून दाखवायला लावते. मंगळवारी तिने संस्थेत तसंच केलं. आताचे अध्यक्ष मेदेर म्हणाले, "परीक्षा घेतेस होय? आईवर गेलीस अगदी." हे मला तिने सांगितलेलं नाही. तिने मला त्या दिवशी एवढंच सांगितलं, की झालं, ठीक आहे, आणि दोन वाट्या सूप पिऊन झोपली. बुधवारी सकाळी परतलीही. बाकी सगळं मला आज उमसुनाईकडून कळलं.

खालच्या गावचा पाटकरी जानाली आपली पाळी येईपर्यंत टोपी मांडीवर ठेवून बसला होता. त्याला अकरा वर्षांपूर्वीचं पत्र हवं होतं. दुष्काळी साली सोमवार ते बुधवार पाणी खालच्या गावाला, असं वरच्या गावाने त्यात सह्यांनिशी कबूल केलं होतं. आता वरचे म्हणतात, असं काही ठरलंच नव्हतं. दुसऱ्याच दिवशी पाळ्या ठरवायची सभा होती, आणि यंदा डोंगरावर बर्फ किती कमी आहे ते कुणालाही मान वर करून दिसतं. ते पत्र नसेल तर खालच्या गावाचा राजमा फुलावर येण्याआधीच वाळणार.

पत्र कुठल्याच खात्यात सापडेना.

"मी ते अब्दिलासलाच पाठवलं होतं," जानाली म्हणाला. "त्याने सह्या घेऊन मला परत पाठवलं. माझा तेव्हाचा फोन नदीत गेला, पण त्याच्याकडे असणारच. तो माणूस सामानाची पावतीसुद्धा टाकत नसे."

उमसुनाई उठून बाहेर गेली. बुरुल तिच्यामागे गेली. व्हरांड्यात उमसुनाईने यादी काढली आणि सातच्या आकड्यावर बोट ठेवलं.

"हे त्यांचं खातं. मी रोज सकाळी उघडते, लोक अजून त्यावरच लिहितात. पण नाव कसं लिहू मी, बुरुल? सासरे माझे." मग हळूच म्हणाली, "मला वाटलं, तू भरशील. इथलीच आहेस ना."

बुरुलने यादी तिच्या हातातून घेऊन सातवी ओळ पुन्हा बघितली, असं उमसुनाई सांगते. मग तिने घड्याळ बघितलं. साडेबारा.

त्या खात्यात अकरा हजारांवर पत्रं होती. त्या एका खात्याचा पासवर्ड अब्दिलासच्या काळापासून कार्यालयातल्या कॉम्प्युटरमध्ये जपलेला होता, तो तिने बाहेर काढला. आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून पत्रं वाहून न्यायचं काम तिने राजधानीतल्या भाड्याच्या यंत्रावर लावलं. ती इथे बसून फक्त आकडा बघत राहिली. मेदेर येरझाऱ्या घालत होते. म्हणाले, आधी नवी पत्रं घे, नवीच कामाला येतात.

"नवी लोकांच्या डोक्यात आहेत, बायके," बुरुल त्यांना थोरल्या भावाच्या मानाने म्हणाली. "जुनी फक्त तिथे आहेत." आणि तिने जुन्याकडूनच सुरुवात केली.

जानालीने जागा सोडली नाही. कुणी चहा दिला की प्यायचा, पुन्हा टोपी मांडीवर. पाच वाजून वीस मिनिटांनी दोन्हीकडचे आकडे जवळजवळ सारखे झाले. तीन पत्रं कमी. नकाशांचे फोटो जोडलेली ती पत्रं इतकी जड होती की नवी कंपनी ती घेईना. बुरुलने ती एकेक करून स्वतःच्या कॉम्प्युटरवर उतरवली. सहाला दहा कमी असताना हिशेब जुळला. जानालीचं पत्र त्या तीन पत्रांतच होतं. त्याने चष्मा लावून ते वाचलं, शेवटच्या सह्यांपर्यंत, आणि मग टोपी डोक्यावर घातली.

मग मेदेरनी विचारलं, की हे खातं सुटलं कुणाकडून.

"माझ्याकडून," बुरुल म्हणाली. "यादीत सातवी ओळ रिकामी होती. मी विचारायला हवं होतं."

उमसुनाई बोलायला गेली तर बुरुलने टेबलाखाली तिचा पाय दाबला.

बुधवारी सभेत पत्र वाचलं गेलं आणि खालच्या गावाला आपले तीन दिवस मिळाले. पण त्याच सभेत पलीकडच्या खोऱ्यातली माणसं आली होती. त्यांनाही मेल हलवायची आहे. मेदेर त्यांना म्हणाले, पोरगी हुशार आहे, पण लक्ष ठेवा, एक खातं विसरली होती. हे उमसुनाईला गिळवेना. आज गुरुवार, गेलेल्या माणसांच्या नावाने तेल तापवायचा दिवस; तिने सासऱ्यांसाठी बोरसोक, कणकेचे छोटे तुकडे, तळले आणि टोपलीभर माझ्याकडे घेऊन आली. एकही खाल्ला नाही. सगळं सांगून टाकलं आणि शाळेत बाईंना म्हणायची तसं म्हणाली, "एजे, तुम्ही सांगाल तर मी उद्या मेदेर बायकेंसमोर उभी राहते."

मी तिला चहा पाजून घरी पाठवली, आणि तेव्हापासून विचार करते आहे.

खरं म्हणजे या चुकीत माझाही हात आहे. मी कॉलेज करून या खोऱ्यात सून म्हणून आले, जिथे सून सासऱ्याचं नाव घेत नाही की लिहीत नाही, आणि पहिल्याच आठवड्यात सासऱ्यांना अंगणातून नावाने हाक मारली. गाव महिनाभर तोंडाला रुमाल लावून हसलं. सासरेच म्हणाले, नाव हाक मारायलाच ठेवलंय, मारू दे तिला. बुरुल अशा घरात वाढली जिथे कुणाच्याच नावाची जागा कुणी रिकामी सोडली नाही. मला त्याचा फार अभिमान होता. म्हणून तिला रिकामी ओळ नुसती रिकामी दिसली. दुसऱ्या कुठल्याही घरातल्या मुलीला ती वाचता आली असती.

आणि तरी, व्हरांड्यात यादी हातात घेतल्यावर तिला ती वाचता आलीच. उमसुनाईला बाजारात टोमणे खावे लागू नयेत एवढं तिला त्या घाईत सुचलं. हे मी तिला शिकवलं नव्हतं. उमसुनाई सांगत होती, जाण्याआधी बुरुलने यादी नव्याने लिहून भिंतीला लावली. मेदेर म्हणत होते, मेलेल्या माणसाचं खातं कशाला ठेवायचं. बुरुल म्हणाली, त्यावर पत्रं येतात तोवर राहू द्या. सातव्या ओळीत आता अब्दिलासचं नाव आहे, माझ्या मुलीच्या अक्षरात. उमसुनाई रोज त्याखाली बसून पत्रं उघडते.

मघापासून दोनदा मी मेदेरचा नंबर काढला. ते माझ्या वर्गातले नव्हते, पण त्यांचे दोन्ही मुलगे होते. माझं ते ऐकतील. दोन वाक्यांत बुरुलचं नाव धुऊन निघेल. आणि तिने टेबलाखाली जे झाकलं ते मी गावासमोर उघडं करीन.

पलीकडच्या खोऱ्यातल्या लोकांनी लक्ष ठेवायचं तर ठेवू दे. लक्ष ठेवून बघितलेलं तिचं काम कमी दिसणार नाही.

मेदेरचा नंबर मी बाजूला ठेवला. बुरुल अजून जागी असेल. तिला फोन लावते. सात नंबरचं मला कळलंय एवढंच सांगायचं, आणि जेवलीस का ते विचारायचं.