विस्तवावरचे दोन हेझलनट

ओनाने लग्नाला हो म्हटलं नव्हतं. तिच्या भावाने, फिंटनने, परस्पर शब्द देऊन टाकला होता. तिचं सगळं असंच ठरत आलेलं. आईच्या आजारपणापायी शाळा सुटली, आई गेल्यावर गायी-कोंबड्या गळ्यात पडल्या. पण त्यांच्यावर तिचा जीव जडला, आणि तिच्या हातच्या लोण्याचं तर अख्ख्या क्लेअर परगण्यात नाव झालं. चाळिशी डोकावू लागली तशी फिंटनला बहिणीच्या लग्नाची आठवण झाली! नवरा कोण, तर टेकडीपलीकडचा मॅलकी. माणूस सालस, पण ओनाला आपलं घर सोडायचंच नव्हतं. भाऊ पडला जमदग्नी. त्याला सांगणार कोण?

फिंटन जुमानत असे तो फक्त साउनच्या विस्तवाला. साउनची संध्याकाळ म्हणजे शहरातले लोक आता जिला हॅलोविन म्हणतात ती. त्या संध्याकाळी जोडप्याने विस्तवावर एकेक हेझलनट ठेवायचा. दोन्ही गुण्यागोविंदाने जळले तर तारीख धरायची. एखादा उडाला तर लग्न मोडलं.

ओनाने आपला हेझलनट आदल्या दिवसापासून पाण्यात भिजत घातला होता. ओला नट तापला की उडतोच.

संध्याकाळी खिडकीत कोरलेल्या सलगमाचा दिवा लागला. गेलेल्या माणसांसाठी दार नुसतं लोटलेलं होतं, चुलीपाशी आईची खुर्ची मांडली होती. ओनाने तिच्याकडे बघायचं टाळलं. मॅलकी आला, खिशातून आपला नट काढून त्याने विस्तवावर ठेवला. शेजारी ओनाने आपला ठेवला.

"बघा कसे चिकटून बसलेत!" फिंटन खूश झाला.

तेवढ्यात फाट! तिचा नट उडून राखेत पडला. ती सुटकेचा श्वास सोडते न सोडते तोच पुन्हा फाट! मॅलकीचा नट थेट फिंटनच्या मांडीवर.

"अरे देवा!" तो ओरडत उठला. "दोन्ही? असं कधी झालं नव्हतं! आता लग्नाचं नावसुद्धा नको." आणि छातीवर क्रूसाची खूण करत तडक गोठ्याकडे निघून गेला.

मॅलकी खाली मान घालून विस्तवाकडे बघत होता. मग हळूच म्हणाला, "तूपण भिजवला होतास?"

"कालपासून."

"मी परवापासून. माझ्या आईला घरात दुसरी बाई खपत नाही, आणि तुझ्या भावाला नाही म्हणायची माझी काय टाप?"

दोघं डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. ओनाला इतकं मोकळं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. तिने त्याला बटाटा-कोबी वाढला, वर लोण्याचा हा एवढा गोळा. आणि लग्न मोडल्यावर तो माणूस तिला पहिल्यांदाच मनापासून आवडला.